गच्चीवरचं ऊन आणि कॅलेंडरवरचा हिशेब

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात. वरचा दुधाचा, खालचा युनिटचा. दुधाचा आकडा लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून लिहितेय. युनिटचा जून २०२४ पासून. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी जिन्याखाली जायचं, इन्व्हर्टरच्या छोट्या पडद्यावर दिवसभरात किती वीज झाली ते बघायचं आणि पेन्सिलीने टिपायचं. शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, त्याची ही खोड.

या खोडीमुळे गल्लीत सोलरचा विषय निघाला की माणसं आमच्या ओट्यावर येतात. प्रश्न एकच असतो, "मॅडम, पैसे खरंच वसूल होतात का?" नशिराबादेत हा प्रश्न पडणारच. जळगाव आणि भुसावळच्या मधलं आमचं गाव. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला तर त्याची बातमीसुद्धा होत नाही. एवढं ऊन फुकट सांडतंय, तर त्यातून दोन पैसे का सुटू नयेत? उत्तर 'होतात' असंच आहे. पण सगळ्यांचे होत नाहीत, आणि स्वस्तात घेतलं म्हणून तर मुळीच होत नाहीत. माझी दोन सोलर झाली. पहिलं बुडालं, दुसरं चाललंय. ठेचा लागल्या त्या साधारण त्याच क्रमाने लिहिते.

१. पहिलं स्वस्त सोलर सगळ्यात महाग पडलं.

मार्च २०२१ मध्ये आम्ही एका दुकानातून ३३० वॅटची दोन पॅनल, एक कंट्रोलर आणि १५० अँपिअर-तासांची बॅटरी घेतली. बसवण्यासकट ४६,००० रुपये. महावितरणच्या लाइनशी त्याचा काही संबंध नव्हता. पॅनलने बॅटरी भरायची आणि बॅटरीवर पंखे-दिवे चालवायचे. दुकानदार म्हणाला, बिल निम्म्यावर येईल.

बिल जागचं हललं नाही. का, ते कळायला मला वर्ष लागलं. सकाळी अकरा-साडेअकरापर्यंत बॅटरी भरून जायची. त्यानंतरचं सगळं कडक ऊन पॅनलवर पडायचं आणि त्याची वीज घ्यायला कुणीच नसायचं. दोन पॅनल दिवसाला अडीच युनिट देऊ शकत होती, आमच्या पदरात जेमतेम एक-सव्वा पडायचं. वर्षाचे ४०० युनिट. अकरा रुपयांनी धरले तरी ४,४०० रुपये. आणि बॅटरी ठेवली होती जिन्यावरच्या पत्र्याच्या खोलीत, जिथे मे महिन्यात दाराच्या कडीला हात लावता येत नाही. एकदा पाणी घालायचं राहिलं. तिसऱ्या उन्हाळ्यात बॅटरीने मान टाकली, नवी १४,००० ची. म्हणजे तीन वर्षांत जेवढं वाचवलं, तेवढं बॅटरीनेच खाल्लं. मूळचे ४६,००० तसेच उभे. ती पॅनल मात्र अजून ठणठणीत आहेत. दिराच्या शेतात मोटारीच्या खोलीवर बसलीत आणि रात्रीचा एक दिवा इमानाने लावतात.

२. सोलर किती वीज करतं हे नंतर बघा. आधी ते तुमच्या बिलातलं कोणतं युनिट खातं ते बघा.

महाराष्ट्रातलं घरगुती बिल पायऱ्यांचं असतं. १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यावर चौथा. २०२४ च्या माझ्या बिलांवरून वहन आकार आणि विद्युत शुल्क धरून काढलं, तर पहिल्या पायरीवरचं युनिट सात रुपयांच्या आत पडत होतं, दुसरीवरचं सुमारे तेरा, आणि तिसरीवरचं अठरा रुपये. तीच वीज, तीच तार, तोच पंखा. दर मात्र अडीचपटीहून जास्त.

सोलर या जिन्यावरून वरून खाली उतरतं. तुमचे ४५० युनिट जळत असतील आणि सोलरने १२० दिले, तर जातात ते वरचे, अठरा रुपयांचे. ज्याचे मुळात ८० च जळतात, त्याची मात्र सात रुपयांचीच वीज वाचते. पॅनल दोघांना एकाच भावाने मिळतं. 'सोलर चार वर्षांत फिटतं' हे वाक्य म्हणून अर्धवट आहे. कुणाच्या बिलावर फिटतं, ते सांगायला हवं. जुनी बारा बिलं काढा, प्रत्येक महिन्याचे युनिट एका खाली एक लिहा. हे काम अर्ध्या तासाचं आहे, आणि माझ्याकडे विचारायला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते केलेलं असतं.

आमचे आकडे असे होते: डिसेंबर-जानेवारीत १६५-१७०, मार्चमध्ये २९०, एप्रिलमध्ये ४३०, मे महिन्यात ४८०. वर्षाचे ३,३३५. त्यांचे २०२४ च्या दराने, स्थिर आकार सोडून, साधारण ३८,५०० रुपये होतात. एकट्या एप्रिल-मे-जूनचे त्यातले साडेसतरा हजार. खानदेशात सोलर परवडतं ते मुख्यतः या तीन महिन्यांमुळे. आणि ऊन जास्त पडतं हे त्याचं खरं कारण नाही. कूलर आणि एसी आपल्याला वरच्या पायरीवर नेऊन बसवतात, हे आहे.

३. पहिले दोन किलोवॅट कमावते असतात, तिसरा बराचसा मानाचा.

हे मला बसवून झाल्यावर कळलं, म्हणून थोडं सविस्तर.

पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. एका किलोवॅटला ३०,००० रुपये सबसिडी, दोनला ६०,०००, तीन आणि त्यावर कितीही घेतलं तरी ७८,०००. म्हणजे सरकारनेच सांगून ठेवलंय की पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी तीस हजार, तिसऱ्याला अठरा. तरी सगळे तीनच घेतात, कारण ७८,००० हा आकडा जाहिरातीत मोठा दिसतो. आम्हीही तीनच घेतला. ५४० वॅटची सहा पॅनल. १,९२,००० खर्च, सबसिडी वजा जाता १,१४,०००. त्या वेळी दोन किलोवॅटचं कोटेशन १,३५,००० चं होतं, म्हणजे सबसिडी जाऊन ७५,०००.

आता वसुली बघा. वर्षभरात आमच्या तीन किलोवॅटने ४,०४५ युनिट दिले. आमच्या जुन्या वापरावर ते बसवले तर वर्षाला ३७,००० रुपये वाचतात. मी एका रविवारी वही घेऊन प्रत्येक महिन्याची वीज दोन-तृतीयांश करून पुन्हा सगळं मांडलं. दोन किलोवॅट असते तरी ३१,००० वाचले असते. तिसऱ्या किलोवॅटसाठी आम्ही ३९,००० जास्त मोजले आणि तो वर्षाला सहाच हजार देतो. पहिले दोन अडीच वर्षांत फिटतात, तिसऱ्याला साडेसहा लागतात. कारण सरळ आहे. महागडी युनिटं पहिल्या दोघांनीच खाऊन टाकलेली असतात, तिसऱ्याच्या वाट्याला सात रुपयांची उरतात आणि हिवाळ्यात तर तीही नाहीत.

हे यांना दाखवलं तर म्हणाले, "पुढे इलेक्ट्रिक स्कूटर घेऊ, तेव्हा लागेल." स्कूटर अजून आलेली नाही.

४. स्वस्त कोटेशनमध्ये काय नाही ते वाचायचं असतं.

आम्हाला चार कोटेशनं आली. सगळ्यात स्वस्त १,४५,००० चं होतं, तीन किलोवॅटचंच. तो माणूस म्हणाला, "सबसिडीच्या भानगडीत कशाला पडता, कागदपत्रांत जीव जातो." सबसिडी हवी तर पॅनल भारतात बनवलेल्या सेलचं लागतं आणि ते बाहेरून आलेल्या मालापेक्षा बरंच महाग असतं. त्याच्याकडचा माल बाहेरचा, म्हणून भाव कमी आणि सबसिडी शून्य. म्हणजे त्याचं स्वस्त १,४५,००० ला आणि दुसऱ्याचं महाग १,१४,००० ला. बेरीज-वजाबाकी तिसरीतल्या पोराला येईल, पण कोटेशनच्या कागदावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बघितला की भल्याभल्यांना येत नाही.

बाहेरचा माल वाईट असतो असं मी म्हणत नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभर पॅनलचा भाव पार कोसळला, तो चीनमधल्या कारखान्यांनी ढिगाने माल काढला म्हणूनच. पण आज पॅनल हा खर्चाचा एक भाग आहे फक्त. उरलेला पैसा इन्व्हर्टर, लोखंड, वायर, अर्थिंग, तडितरक्षक आणि माणसांच्या मजुरीत जातो, आणि स्वस्त करणारा कात्री तिथेच लावतो. वळवाच्या वाऱ्याला रावेर-यावलकडे केळीच्या बागा एका संध्याकाळी झोपतात, घरांवरचे पत्रे उडतात. गच्चीवरची सहा पॅनल म्हणजे त्या वाऱ्याला शिडासारखीच. आमच्या शेजारच्या गल्लीत पातळ पाइपचं स्ट्रक्चर एका वादळात वाकलं. पॅनल फुटली नाहीत हे नशीब. आमच्याकडे स्लॅबला भोकं न पाडता सिमेंटचे ठोकळे ओतून त्यात बोल्ट धरले. स्लॅबही गळत नाही.

आणखी एक. जुन्या प्रकल्पांतून काढलेली पॅनल पुसून, नवा स्टिकर लावून विकणारेही भेटतात. अनुक्रमांक काचेच्या आतल्या पट्टीवर आणि बिलावर एकच आहे का, एवढं गच्चीवर उभं राहून स्वतः बघा.

५. सबसिडी नंतर येते, पैसे आधी जातात.

पूर्ण रक्कम आम्ही मोजली आणि ७८,००० नंतर खात्यात जमा झाले. योजनेत कमी व्याजाचं कर्ज आहे, पण आम्ही मुदत ठेव मोडली. म्हणून मी हिशेबात तिचं व्याजही धरते, जे विकणारे कधी धरत नाहीत. आमचा शेवटचा खर्च १,२०,०००: १,१४,००० सोलरचे आणि ६,००० जुनी वायर बदलणं, टाकी हलवणं वगैरेचे. त्यावर सात टक्क्यांनी ८,४०० व्याज बुडालं. इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांत बदलावा लागणार, त्यासाठी वर्षाला अडीच हजार बाजूला. ३७,००० मधून हे गेले की हातात राहतात २६,०००. वर्षागणिक पॅनल थोडं थोडं म्हातारं होतं, तेही आहेच. विकणारा तीन वर्षं सांगतो, मी पाच सांगते. पॅनलची हमी २५ वर्षांची असते, त्यामुळे पाच हा आकडासुद्धा वाईट नाही.

६. नेट मीटर लागेपर्यंत सोलरचं बटण बंद ठेवा.

पॅनल बसली, पोरांनी इन्व्हर्टर चालू करून दाखवला, आम्ही पेढे वाटले आणि बटण तसंच राहिलं. नवं मीटर यायला वेळ होता. जुन्या मीटरला वीज आत येते की बाहेर जाते हे कळत नव्हतं. जाणारी वीजही त्याने वापरलेली म्हणून मोजली. त्या महिन्याचं बिल आलं ते घरात दोन पिठाच्या गिरण्या चालवल्यासारखं. ज्याने बसवलं त्याला हे माहीत असायला हवं होतं. तो फोनवर म्हणाला, "ॲडजस्ट होऊन जाईल." झालं नाही.

माझा भाचा जर्मनीत असतो. तिकडे ८०० वॅटपर्यंतचं सोलर लोक बाजारातून आणतात, बाल्कनीच्या कठड्याला टांगतात आणि सरळ भिंतीच्या सॉकेटमध्ये प्लग खोचतात. त्याने फोटो पाठवल्यापासून यांच्या डोक्यात तेच घोळतंय. आपल्या मीटरचं हे असं, आणि घरातल्या वायरिंगचं तर बोलूच नये. मी सॉकेटला हात लावू दिलेला नाही.

७. मे महिन्यातली गच्ची फसवते.

पाहणीला माणूस आला तो मे अखेरीला, दुपारी बारा वाजता. आमच्याकडे त्या दिवसांत सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. गच्चीवर कुठेच सावली नव्हती. त्याने पॅनलची जागा आखली, मी चहा दिला.

डिसेंबरमध्ये कॅलेंडरवरचे आकडे अचानक दहाच्या खाली आले. आधी वाटलं धुकं. मग एका दुपारी वर जाऊन बसले. तीन वाजता आमच्याच पाण्याच्या टाकीची सावली शेवटच्या पॅनलच्या कोपऱ्यावर चढली, आणि बघता बघता ताटाएवढी झाली. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कललेला जातो, सावल्या लांबतात, हे मी भूगोलाच्या तासाला स्वतः शिकवलंय. पॅनल एकमेकांना माळेसारखी जोडलेली असतात. एकावर सावली पडली की सगळ्या माळेला ओढ बसते. प्लंबरला बोलावून टाकी उत्तरेकडे हलवली. दुसऱ्या दिवशी ११.२.

८. ऊन आणि उष्णता यांत फरक आहे.

मला वाटायचं, मे महिन्यात पॅनल नुसती वीज ओतेल. कॅलेंडर वेगळंच सांगतं. फेब्रुवारीत दिवसाला सरासरी १३.२ युनिट, मार्चमध्ये १३.५, मे महिन्यात १२.६. मेचा दिवस फेब्रुवारीपेक्षा चांगला दीड तास मोठा, तरी वीज कमी. पॅनलला उजेड हवा असतो, ताप नको असतो. त्याच्यावर लिहिलेले ५४० वॅट हे पॅनल २५ अंशांवर असतानाचे असतात. आमच्या गच्चीवर मेच्या दुपारी पॅनलची काच ६५ अंशांपर्यंत सहज तापत असेल. दर अंशाला पाव-अर्धा टक्का कमी होत जातो. म्हणून स्ट्रक्चर उंच हवं, खालून वारा खेळायला हवा. पत्र्याला चिकटवून बसवणारे लोखंडाचे पैसे वाचवतात आणि उन्हाळाभर तेच पैसे गमावतात.

तरी एकूण वर्ष धरलं तर आपला मुलूख सोलरचाच. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीने १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्येच उभा केला, तो काही उगाच नव्हे. इकडे भुसावळजवळ दीपनगरला कोळसा जाळून वीज होते. आमचं गाव दोन्हींच्या मधे कुठेतरी, आणि वीज जाते तेव्हा दोन्हींचा काही उपयोग नसतो. त्यावरून दहावा मुद्दा. त्याआधी धूळ.

९. पॅनल पुसायचं असतं, पण कधी आणि कशाने, ते बघून.

महामार्गाची धूळ, कापसाच्या मोसमात उडणारा बारीक तंतू, हरभरा-गहू काढायला मळणीयंत्रं सुरू झाली की त्याचा भुसा. जानेवारीत आठ दिवस पुसलं नाही तर माझा आकडा साडेअकरावरून दहाच्या आसपास येतो. पुसल्यावर लगेच चढतो. पण बोअरचं पाणी मारलंत तर काचेवर क्षाराचे पांढरे डाग बसतात, ते मग नखाने खरवडूनही जात नाहीत. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी वापरायची टूम निघाली आहे. त्यात क्षार आणखी दाट असतात, ते झाडांनाही नको. आम्ही पावसाचं पाणी दोन पिंपांत साठवतो आणि सकाळी सहाला, काच गार असताना, लांब दांड्याच्या मऊ पोछ्याने पुसतो. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही, हे चहाच्या काचेच्या ग्लासाने कुणालाही शिकवलेलं असतं.

१०. वीज गेली की सोलरही जातं.

जूनमधली दुपार. वारा सुटला, कुठेतरी फांदी पडली, लाइट गेले. वाऱ्याने आभाळ मोकळं करून टाकलं आणि ऊन पुन्हा रणरणायला लागलं, पण पंखा बंद. सासूबाई बाजेवर उठून बसल्या आणि मला म्हणाल्या, "एवढं ऊन पडेल हाये अन् पंखा कसा काय बंद? दीड लाखाचं काय केलं मंग?"

उत्तर द्यायला अवघड होतं, पण खरं आहे. लाइनला जोडलेला इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःला बंद करतो. करायलाच हवं. नाहीतर खांबावर चढलेला वायरमन लाइन बंद आहे असं समजून तारेला हात लावेल आणि आमच्या गच्चीवरून त्याच्या अंगात वीज जाईल. विकताना हे कुणी सांगत नाही. लाइट गेल्यावरही पंखा हवा तर बॅटरीवालं, हायब्रिड सोलर घ्यावं लागतं; त्याचा खर्च वेगळा आणि बॅटरी हे प्रकरण पहिल्या मुद्द्यात लिहून झालंय. आम्ही जुना साधा इन्व्हर्टर आणि एक बॅटरी ठेवली आहे, दोन पंख्यांपुरती. बॅटरी आता पत्र्याच्या खोलीत नाही, खाली गार पडवीत आहे.

लाइन असूनही सोलर बंद पडतं, तेही एकदा झालं. दुपारी व्होल्टेज फार चढलं की इन्व्हर्टर माघार घेतो. पडद्यावर लाल अक्षरं आली तर घाबरू नका, तारीख-वेळ लिहून ठेवा. तक्रार करताना तेवढंच कामाला येतं.

११. बचतीचं वर्ष ३१ मार्चला संपतं, आणि आपला उन्हाळा १ एप्रिलला सुरू होतो.

नेट मीटरचा नियम असा की जास्त झालेली वीज पुढच्या महिन्यात जमा होते, पण आर्थिक वर्षाच्या अखेरीस खातं मिटतं. उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात, ते मात्र आपण विकत घेतो त्या दराच्या जवळपासही नसतात. मार्च २०२५ ला आमचे ९५० युनिट शिल्लक होते. सप्टेंबरपासून एक एक करून साठवलेले. आणि बरोबर पुढच्या महिन्यापासून आम्हाला ते हवे होते.

हे वर्ष जूनमध्ये संपतं तर खानदेशातल्या प्रत्येक सोलरवाल्याचा उन्हाळा फुकट निघाला असता. आर्थिक वर्ष ठरवणाऱ्यांनी भुसावळचा मे बघितलेला दिसत नाही. पैशात मोजलं तर आमचं नुकसान दोन हजारांच्या आतबाहेर, पण मनाला ते फार लागतं. तेव्हा मी आता फेब्रुवारी-मार्चमध्येच मिक्सर-गिरणीची, गाद्या-रजया धुण्याची सगळी कामं उरकते. आणि नवं सोलर घेणाऱ्याला सांगते की हिवाळ्यातल्या शिल्लकीकडे बघून किलोवॅट ठरवू नका.

बिल शून्य होतं, हाही गैरसमज काढा. एकही युनिट घेतलं नाही तरी स्थिर आकार येतोच. कमीत कमी बिल आमचं दीडशेच्या घरात.

१२. फुकट वीज सगळ्यात जास्त वीज खाते.

२०२५ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे एसी दुपारीही चालू राहिला. "आपलंच सोलर आहे" असं म्हणत. एप्रिल ते जून मिळून १९० युनिट विकत घ्यावे लागतील असा माझा अंदाज होता, घेतले ३९०. गारव्याचं सुख मिळालं, ते मी नाकारत नाही. पण ते वसुलीत धरत नाही.

१३. काहींना 'नको' म्हणावं लागतं.

आमच्या मागच्या गल्लीत एक काकू राहतात, एकट्याच. धाब्याचं जुनं घर, लाकडी तुळयांवर मातीचं छत. महिन्याला ७० युनिट. त्या आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, मले बी फुकट वीज पाह्यजे." त्यांचं बिल काढून बसले. सगळी वीज पहिल्या पायरीवरची. एका किलोवॅटचे सबसिडी जाऊनही ४५,००० च्या आसपास गेले असते आणि वर्षाला वाचले असते पावणेसहा हजारांच्या आत. आठ वर्षं. शिवाय मातीच्या धाब्यावर लोखंड उभं करायचं कसं, हा प्रश्न वेगळाच.

त्यांचा पंखा त्यांच्या लग्नातला होता, ७५ वॅट तरी खात असेल. त्याऐवजी ३० वॅटचा बीएलडीसी पंखा लावून दिला, तीन हजारांचा. दिवसाला बारा तास धरले तर महिन्याला १६ युनिट वाचतात; दोन-सव्वादोन वर्षांत फिटतो. काकू थोड्या नाराज होत्या. गच्चीवर चकाकणाऱ्या काचांची शान पंख्याला नाही, हे खरंच आहे.

१४. वहीत न बसणाऱ्या दोन गोष्टी.

एक जमेची. स्लॅबवर सावली पडल्यामुळे वरची खोली आता रात्री लवकर निवते. पूर्वी तिथे मे महिन्यात भिंतींतून वाफ यायची. आता नुसत्या पंख्यावर झोप लागते. याचे किती रुपये धरायचे ते मला ठरवता आलेलं नाही.

दुसरी खर्चाची. गच्चीची दक्षिण बाजू, जिथे सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत ऊन असायचं, तीच पॅनलने घेतली. तिथेच फाल्गुनात बाजा टाकून, त्यावर जुनी लुगडी अंथरून आमच्या घरचे ज्वारीचे बिबडे वाळत. सासूबाईंनी पहिल्या वर्षी पॅनलच्या खाली वाळवून पाहिले. वारा होता, ऊन नव्हतं. दोन दिवसांत वास आला. सगळं पीठ गुरांना गेलं. त्यांनी मला एवढंच विचारलं, की एखादी काच काढून ठेवता येते का, महिनाभर.

यंदा बिबडे दिराच्या गच्चीवर वाळले. तो आता सोलर घ्यायचं म्हणतोय, आणि सासूबाई त्याला रोज नवं कारण सांगतायत.